एका घराचं एक जाळं

एडवण, ९ नोव्हेंबर १९६४

चिंतू,

मोठ्या बहिणीने आधी जे आशीर्वाद लिहायचे असतात ते लिहिले आहेत असं समज.

तुझी मनीऑर्डर पोचली. पोस्टमनने बाबांचा अंगठा घेतला, आयने पैसे देवापुढे ठेवले, आणि मी ते तिथून उचलून सफाळ्याच्या बाजारातून जाळ्याच्या सुतासाठी सणाचा वाख आणला. देवाला पैसे घेऊन काय करायचं आहे? त्याला जाळं विणायचं नाही.

तू त्या चंद्रभानचं लिहिलं आहेस. नगरकडचा गडी, तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो, आणि त्याने तुला विचारलं की तुमच्या घरचं जाळं पाऊण झालं आहे तर पाऊण वाटा का घेत नाही. आता तेच तू मला विचारतोस. तारापूरला जाऊन चार गोणी सिमेंट वाहिलंस आणि समुद्र विसरलास? त्याला सांग, अपुरं जाळं बोटीवर चढत नाही. डोलीचं जाळं म्हणजे लांबच लांब पिशवी. तोंडाशी डोळे हातभर, मग आखडत आखडत शेपटीला बोटभर. शेपूट नसेल तर मासा इकडून आत येतो आणि तिकडून बाहेर जातो. म्हणून जाळं पुरं होईपर्यंत त्याला किंमत नाही. कोठाराच्या आढ्याला टांगायचं, उंदरांपासून राखायचं आणि वाट बघायची.

पुरं झालं की मात्र वेगळं. बोटीचा वाटा तात्या तांडेलाचा, बोट त्याची आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण त्याच्या खालोखाल जाळ्यांचे वाटे निघतात. बाबांच्या वाट्याला येतो तो शेवटचा, नुसत्या अंगमेहनतीचा, म्हणजे सगळ्यांच्या टोपल्या भरल्यावर वाळूत उरेल तो. मी जन्मायच्या आधीपासून बाबा दुसऱ्यांची जाळी ओढताहेत. एकदा आपलं जाळं चढलं की त्याच्या वाट्यातून दुसरं होईल, दुसऱ्यातून कदाचित होडी. तात्याच्या आज्याने असंच केलं होतं असं सगळे सांगतात. पहिलं जाळं तेवढं कुणी देत नाही.

माझं काय चाललं आहे ते विचारलंस. टकळी चालली आहे. मांडीवर सूत वळून वळून कातडं गुळगुळीत झालं आहे, आणि जाळं कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीचा काढा उकळून तोंड जाळ्याच्याच रंगाचं. दातिवऱ्याहून एक मागणं आलं होतं. आयने सांगितलं, जाळं चढू दे, मग बोलू. घरातली सूत काढणारी आधी कोण लावून देतं? मला राग आला नाही. मला स्वतःलाच ते जाळं चढलेलं बघायचं आहे.

तू दर महिन्याला सणापुरतं पाठवत राहा. जेवत जा.

जिवलीताय


एडवण, २ मे १९६५

चिंतू,

होळीपासून तुझी मनीऑर्डर नाही, पत्र नाही. आजारी आहेस की काय म्हणून आयने देवीला हिरवा खण बोलला. परवा केळव्याच्या जत्रेहून आलेल्या बायका सांगत होत्या, चिंतू बोईसरच्या बाजारात दिसला, सायकलवर होता, नवी सायकल, घंटी वाजवत होता. आयला आनंद झाला. पोरगं धड आहे म्हणाली. मी खण परत पेटीत ठेवला.

सायकल घेतलीस त्याबद्दल मी काही बोलत नाही. तुझं काम लांब, पाय तुझेच. पण एक गोष्ट कळवायची आहे आणि ती नीट वाच.

तात्या तांडेलाच्या चुलत्याचं जाळं कुजून गेलं. त्यांचे मुलगे मुंबईला गोदीत लागले, ते नवं करणार नाहीत. म्हणजे बोटीवर एक जागा होते आहे. बाबा तात्याकडे गेले होते. सुपारी घेऊन गेले, अगदी लग्न ठरवायला जावं तसे. तात्या म्हणाला, नारळी पौर्णिमेला पुरं जाळं घेऊन या, जागा तुमची. तेव्हा नाही आणलं तर दुसरे उभे आहेत. तो वाईट बोलला नाही, जे आहे ते बोलला.

शेपटीचा तुकडा राहिला आहे. सर्वांत बारीक विणीचा, म्हणून सूत सर्वांत जास्त लागतं. आय पहाटे टोपली घेऊन सफाळ्याला जाते, येताना मीठ-तांदूळ आणते, त्यातून सणाला काही उरत नाही. तेव्हा सायकलीचं झालं असेल तर आता सणाचं बघ. पावसाळ्यात मी रात्रंदिवस बसेन. एवढ्या वेळी पाठव, नंतर नको पाठवूस.

बाबांचा खांदा दुखतो. ते सांगत नाहीत, सदरा घालताना कळतं.

जिवलीताय


एडवण, १६ ऑगस्ट १९६५

चिंतू,

तुझा गठ्ठा मिळाला.

सणाचे पैसे आले नाहीत, पत्रही नाही. तरी मी जाळं पुरं केलं हे तुला माहीत नसेल. आयने पायातले चांदीचे वाळे मोडले. मी उरलेला सण वळला, शेपूट विणली, काढ्यात बुडवली आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळं जाळं अंगणात पसरलं. बाबा त्याच्या कडेने चालत गेले आणि चालत परत आले. मग बसून राहिले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बस्स, झालं.

दुपारी सफाळ्याहून गाडी आली आणि तात्याच्या दारात तुझा गठ्ठा उतरला. नायलॉनचं जाळं, तयार, पांढरंशुभ्र, कुजत नाही, काढा लागत नाही. वर तुझं नाव. आणि तात्याला पत्र, की घरच्या जागेवर हे चढवावे. आम्हाला नाही लिहिलंस, तात्याला लिहिलंस. जागेची गोष्ट मीच तुला कळवली होती.

तात्याने बाबांना बोलावलं. मी मागे गेले. किनाऱ्यावर सगळे खलाशी उभे होते, कुणी हसत नव्हतं. तात्या म्हणाला, "येका घरचं येक जालं, येक गडी. दोन नाय चढत. कंचं चढवू ते तुमी सांगा. पन पोराचं जालं दहा वर्सं टिकंल, हे दोन."

मी बाबांकडे बघत होते. ते तुझ्या जाळ्याला हात लावून म्हणाले, "पोराचं म्हंजे घरचंच हाय."

एवढंच. मग त्यांनी स्वतः तुझं जाळं उचलून बोटीवर नेलं. माझं आम्ही गुंडाळून परत आणलं, आयने एक टोक धरलं, मी एक. वाटेत ती म्हणाली की चिंतूने आपल्यासाठीच पाठवलं असेल. मी म्हटलं, असेल. तसं असेल तर लिही. जाळ्याचा वाटा बाबांनी घरी आणायचा ना? तात्या विचारतो आहे.

जिवली


एडवण, २० जानेवारी १९६६

चिंतू,

तुझं उत्तर तात्याला आलं, आम्हाला त्याच्याकडून कळलं. जाळ्याचा वाटा त्याच्याकडेच जमा ठेवायचा, तू दिवाळीला आणि होळीला माणूस पाठवून नेणार. बोईसर स्टेशनजवळ जागेचा तुकडा बघितला आहेस, त्याला पैसे लागतात म्हणे. पुढे बांधकाम होईल, भाडेकरू ठेवशील. चंद्रभानही घेतो आहे का रे जागा, की तो अजून खाटेवरच आहे? तुझं डोकं चालतं खरं. पगार पगाराच्या जागी, आणि समुद्रात न उतरता समुद्राचा वाटा.

तुला एक विचारते. ज्या जाळ्याचा वाटा तू बोईसरला बसून घेतोस, त्यामागे गडी कोण आहे? घरचा माणूस बोटीवर असल्याशिवाय जाळं चढत नाही, हे तू जाणून आहेस. बाबा आहेत म्हणून तुझं जाळं तिथे आहे. आणि त्या बाबांना काय मिळतं? तोच वाळूतला वाटा. पूर्वी परक्यांची जाळी ओढत होते, आता मुलाचं ओढतात. तू म्हणशील, मी चोरी केली नाही. नाही केलीस. जाळं तुझं, पैसे तुझे, नाव तुझं. तात्याही तेच म्हणतो, सगळे तेच म्हणतात. म्हणूनच तर माझा जळफळाट होतो.

माझं जाळं आयने एडवणच्या वाडीवाल्याला दिलं. केळींना कुंपण करायला, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. त्याने कोयत्याने त्याचे तुकडे केले, मला वाटेवरून दिसतात. शेपटीच्या बारीक विणीचा तुकडा त्याला आवडला नाही, हवा खेळत नाही म्हणाला. तो परत दिला. त्यावर आता आय सुकट वाळवते.

दातिवऱ्याच्या मुलाचं लग्न झालं. चांगलं झालं म्हणतात.

आणि बाबांचा हात. सणाचा दोर ओला झाला की फुगतो, हाताला मऊ लागतो. जन्मभर तोच ओढलेला हात आहे. नायलॉनचा दोर बारीक, ओढ लागली की तळव्यात शिरतो. बाकीच्यांनाही कापतो, पण ते तरुण आहेत. बाबांच्या तळव्याला चीर पडली आहे, ती भरत नाही. हळद लावते. बघू.

जिवली


एडवण, १४ जून १९६६

चिंतू,

बाबांची दोन बोटं गेली. पालघरच्या डॉक्टरने काढली, नाहीतर हात गेला असता म्हणाला. हे तुला तात्याने कळवलंच असणार, कारण तुझं पत्र आठवड्यात आलं. बाबांच्या नावाने आलं.

ते वाचणार कोण हे तुला ठाऊक नव्हतं का? या घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. तात्याचं घर सोडलं तर वाडीत कुणाचंही पत्र आलं की मीच वाचते, जन्म-मरण सगळं, आणि चेहरा सरळ ठेवून वाचते. तसंच हेही वाचलं. बाबा ओट्यावर, हात गळ्यात बांधलेला. आय तांदूळ निवडत होती.

तू लिहितोस, बाबांना आता बोटीवर जाता येणार नाही, घरचा गडी नसेल तर जाळं उतरेल, आणि ते उतरलं तर जागेचे हप्ते अडतील. तेव्हा तायला सुकाला देऊन टाका. सुका तात्याच्याच बोटीवर खलाशी आहे, बायको वारली, मूलबाळ नाही, स्वतःचं जाळं नाही. घरजावई म्हणून आपल्याकडे राहू दे. मग तो घरचाच माणूस होतो आणि सगळ्यांचं निभावतं. आणि पुढे लिहिलंस, तायचं वय झालं आहे, आता दुसरं कोण येणार.

हे वाक्यही मी वाचलं. गाळलं नाही. गाळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

आय तांदूळ निवडायची थांबली. बाबा म्हणाले, पोरगा बरोबर लिहितो. तिघांनाही पटलं, चिंतू. मलासुद्धा. त्यात चूक कुठे आहे ते शोधायला मी खूप वेळ बसले आणि मला सापडली नाही. जाळं चढावं म्हणून माझं लग्न थांबलं, आणि आता जाळं उतरू नये म्हणून माझं लग्न होतं आहे. दोन्ही वेळा हिशेब बरोबर आहे. फक्त पहिलं जाळं माझं होतं.

मी सुकाला ओळखते. बोटीवर बाबांच्या हाताला चिंधी बांधणारा तोच होता. कमी बोलतो. मला तो वाईट वाटत नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटायचं मी रडत बसले आहे. मी त्याच्याशी बोलून मग कळवीन.

जिवली


एडवण, २ सप्टेंबर १९६६

चिंतू,

नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या. तुझं जाळं गेलं नाही. आता तात्याचं पत्र तुला मिळालं असेल आणि तू संतापला असशील. काय झालं ते माझ्याकडून ऐक, दुसरं कुणी एवढं सरळ सांगणार नाही.

मी सुकाला विहिरीजवळ गाठलं. म्हटलं, माझ्या भावाने तुला विचारायला सांगितलं आहे, घरजावई होशील का. त्याने घागर खाली ठेवली. मग म्हणाला, "तुज्या बापाचा हात मी बगलाय. त्या जाल्यामागं मी उबा र्‍हानार नाय. माज्या झोपडीत जालं नाय, काय नाय. येयाचं तर तू ये."

कुणी मला ये म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी आजवर जे केलं ते त्या घरासाठी केलं, आणि त्या घरात मला सूत काढणारी सोडून कुणी काही म्हटलं नाही. आता तू म्हणशील, तायला नवरा दिसला आणि आईबाप विसरली. तसं म्हण. मी जाताना मला सगळं माहीत होतं. सुका आपल्या घरात राहिला तर आपला माणूस. मी त्याच्या घरी गेले तर तो त्याच्या घरचा, आणि आपल्याकडे गडी उरत नाही. हे मला कुणी समजवावं लागलं नाही. मी रीत जाणून गेले.

लग्न लहानसंच झालं. आय आली, बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्याने तुझं जाळं उतरवलं आणि जागा दुसऱ्याला दिली. त्याचंही नायलॉनचंच आहे. जाळं घरी आणून टाकलं तेव्हा बाबा दारात उभे होते. मला म्हणाले, "पोरी, तू घर बुडवलंस." ते खोटं बोलत नव्हते. पण घर कुणाचं, हे त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आता घरात काय आहे ते ऐक. आय आहे, टोपली आहे, आणि आढ्याला टांगलेलं तुझं जाळं आहे. ते कुजत नाही, उंदीर लागतो तेवढा. बाबा दिवसभर त्याच्याखाली बसतात. उरलेल्या बोटांनी त्याच्या गाठी चाचपतात. मी संध्याकाळी सुकाच्या वाट्यातलं म्हावरं नेऊन देते, ते आय घेते, बाबा त्याला हात लावत नाहीत. मुलाच्या जाळ्याचं असतं तर खाल्लं असतं म्हणतात. मला वाईट वाटतं, रोज वाटतं, आणि तरी मी परत जाणार नाही.

तुला वाट्यातून जागेचे हप्ते भरायचे होते, त्याचं आता तू बघ. दोन गोष्टी करता येतील. एकतर आयबाबांना बोईसरला घेऊन जा. तुझ्या त्या जागेवर चार पत्रे टाक आणि त्यांना ठेव. नाहीतर नोकरी सोड, इथे ये आणि तुझ्या जाळ्यामागे स्वतः उभा राहा. तिसरं काही असेल तर ते तुझ्याइतक्या हुशार माणसालाच सुचेल. पण त्यात मला धरू नकोस.

पत्र इथेच संपवणार होते. पण मघाशी म्हावरं द्यायला गेले तेव्हा बाबा त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले. तात्याने त्यांना सांगितलं आहे की पुढच्या नारळी पौर्णिमेला एक जागा होईल, घरचा गडी असेल तर. ते म्हणाले, चिंतूला हे लिही. मी म्हटलं, बाबा, तो येणार नाही. ते म्हणाले, "ते मला ठावं हाय. तू लिव."

म्हणून लिहिलं.

जिवली
सुकाच्या घरून